उमेदवारीतून उभी राहिलेली शहरे

मालीतल्या जेने शहरात मशिदीच्या गिलाव्याचा दिवस जवळ आला की नदीकाठच्या खड्ड्यांत माती भिजत पडलेली असते. बानी नदीच्या गाळात भाताचा कोंडा मिसळतात, पाणी सोडतात आणि लहान पोरांना त्यात मनसोक्त नाचू देतात. बरेच दिवस मुरल्यावर ती माती आंबते, तिला उग्र वास सुटतो आणि बोटांना ती लोण्यासारखी लागते. ठरलेल्या पहाटे ढोल वाजतात. मोहल्ल्यामोहल्ल्यांतली तरुण मंडळी टोपल्या डोक्यावर घेऊन धावत सुटतात, मुली आणि बायका पाणी वाहतात, आणि भिंतीतून बाहेर डोकावणाऱ्या ताडाच्या तुळयांवर चढून गवंडी थेट हातांनी भिंत लिंपू लागतात. वडीलधारे गवंडी बाजारचौकात मानाच्या जागी बसून सगळ्या कामावर नजर ठेवतात.

या तुळया नुसत्या शोभेच्या नाहीत. त्या कायमस्वरूपी परांची आहेत. दर वर्षी भिंतीवर चढावे लागणार हे बांधणाऱ्यांनी बांधतानाच गृहीत धरले होते. ही मशीद १९०७ मध्ये पुरी झाली. पंचाहत्तर मीटर लांबी-रुंदीचा, बाजारापेक्षा तीन मीटर उंच ओटा, त्यावर तीन मनोरे आणि आत नव्वद जाडजूड खांबांचे सभागृह, हे सगळे कच्च्या मातीचे. काम सांभाळले इस्माइला त्राओरे यांनी. ते जेनेच्या गवंड्यांच्या संघाचे प्रमुख होते. राज्य फ्रेंचांचे होते आणि मजूर वेठीला धरलेले होते, ही या इमारतीच्या इतिहासातली दुखरी बाजू आहे. त्यात भर म्हणजे श्रेयही हिरावले गेले. १९१० मध्ये जेनेला परतलेला फ्रेंच पत्रकार फेलिक्स द्युबुआ याने नवी मशीद पाहिली आणि तिचे रूप फ्रेंच अधिकाऱ्यांनीच ठरवले असणार, असा निष्कर्ष काढला. पुढे कित्येक वर्षे तो निष्कर्ष तसाच फिरत राहिला. अमेरिकन अभ्यासक जाँ-लुई बूर्ज्वा यांनी पुराव्यांची छाननी करून हे काम मुख्यतः स्थानिक गवंड्यांचेच असल्याचे मांडले, तेव्हा कुठे त्राओरे यांचे नाव अभ्यासकांच्या लेखनात ठळक झाले.

आफ्रिकेतल्या शहरांचे भविष्य घडवणाऱ्या तरुण वास्तुरचनाकारांविषयी, अभियंत्यांविषयी आज जगभर बोलले जाते. जणू ही पिढी मोकळ्या माळावर पहिल्यांदा ओळंबा सोडते आहे, असा त्या बोलण्याचा सूर असतो. प्रत्यक्षात तिच्यामागे बांधकामाच्या शिक्षणाचा मोठा इतिहास आहे. हे शिक्षण कोणी कोणाला दिले, ते कोठे तुटले आणि कोणी पुन्हा सांधले, हे कळल्याशिवाय आजच्या तरुणांचे काम नीट उमगत नाही.

जेनेमध्ये हे शिक्षण गवंड्यांच्या संघाच्या हाती आहे. संघाला तिथे ‘बारे तोन’ म्हणतात. मजुरीचे दर तो ठरवतो, गवंड्यांमधले तंटे मिटवतो. घरोघरचे गवंडी ठरलेले असतात. एका कुटुंबाचे घर बापाने बांधले तर त्याची डागडुजी लेकाकडे येते, आणि घरमालकाने परस्पर दुसऱ्या गवंड्याला बोलावलेले खपत नाही. उमेदवारीला लागलेला मुलगा आधी माती वाहतो. मग विटा पाडतो, मग वर उभ्या असलेल्या उस्तादाच्या हातात अचूक वीट फेकायला शिकतो. भिंतीला हात लावायची परवानगी बऱ्याच उशिरा मिळते. इंग्लंडमधल्या विद्यापीठात शिकवलेले मानववंशशास्त्रज्ञ ट्रेव्हर मर्चंड यांनी या गवंड्यांच्या हाताखाली स्वतः मजुरी केली आणि २००९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. उस्ताद तोंडाने फार थोडे समजावतात, शिकणाऱ्याने पाहून आणि करून उचलायचे असते, हे त्यांनी बारकाईने नोंदवले आहे. या विद्येत मंत्रतंत्रही येतात. पाया घालताना, भिंत उंच चढवताना घराचे आणि गवंड्याचे रक्षण करणारे शब्द उस्तादाला ठाऊक असावे लागतात, आणि ते तो निवडक शिष्यालाच देतो.

नकाशा कुठेच नसतो. खोलीची लांबी पावलांनी मोजली जाते. घरमालकाशी बोलणे होते, जमिनीवर रेघा ओढल्या जातात, आणि काम सुरू.

या परंपरेचे वय किती? जेनेपासून तीनेक किलोमीटरवर जेने-जेनो नावाचे पांढरीचे टेकाड आहे. १९७७ मध्ये रॉडरिक आणि सुझन मॅकिंटॉश या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन सुरू केले. इसवी सनापूर्वी सुमारे २५० पासून इसवी सन १४०० च्या आसपासपर्यंत तिथे वस्ती होती असे त्यांना आढळले. सहाराच्या दक्षिणेकडे शहरे आली ती अरब व्यापाऱ्यांच्या उंटांवरून, ही समजूत या टेकाडाने खोडून काढली. अरबांशी व्यापार सुरू होण्याच्या कितीतरी आधी तिथे माणसे दाटीवाटीने, एकमेकांच्या भिंतींना लागून राहत होती.

विसाव्या शतकात या साखळीला पहिला मोठा धक्का बसला तो विटेच्या आकाराने. जेनेची जुनी वीट हातांनी वळलेली, गोलसर असे. तिच्या भिंती जाड आणि टणक होत. फ्रेंच अमलात लाकडी साच्यातली चौकोनी वीट आली. ती भराभर पडते, भराभर रचली जाते आणि स्वस्त पडते. १९३० च्या दशकानंतर गोल वीट मागे पडत गेली. जुन्या भिंती पाडताना आजही ती सापडते, आणि गवंडी ती बाजूला काढून ठेवतात.

दुसरा धक्का अधिक खोल होता. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेची राजधानी १९०२ मध्ये दाकारला आली. १९१४ मध्ये तिथे प्लेगची साथ पसरली, तेव्हा अधिकाऱ्यांनी शहराच्या मध्यातल्या आफ्रिकी लोकांच्या झोपड्या पाडल्या, जाळल्या आणि त्या माणसांना ‘मेदिना’ नावाच्या नव्या वस्तीत हलवले. कच्चे घर म्हणजे रोगट घर, आणि पक्के घर म्हणजे सभ्य माणसाचे घर, अशी विभागणी सरकारी कायद्याने आणि साथीच्या भीतीने पक्की झाली. बांधकामाच्या साहित्यावरून माणसाची शहरातली जागा ठरू लागली. माती, गवत, ताड यांच्यात ज्यांचे हात तरबेज होते, ते एका फटक्यात अडाणी ठरले.

ब्रिटिशांच्या वसाहतींतही चित्र फारसे वेगळे नव्हते. सरकारी इमारतींचे नकाशे सार्वजनिक बांधकाम खात्यातले गोरे अधिकारी काढत. आफ्रिकी माणूस ओव्हरसियर, मिस्त्री किंवा बिगारी. पूर्व आफ्रिकेत मधल्या पायरीवर हिंदुस्थानी कारागीर उभे होते. १८९६ मध्ये युगांडा रेल्वेचे काम सुरू झाले, तेव्हा तीस हजारांहून अधिक हिंदुस्थानी मजूर आणि कारागीर तिकडे नेले गेले, आणि सुमारे अडीच हजार तिथेच दगावले. जे मागे राहिले त्यांतले पंजाबी सुतार आणि कच्छी गवंडी नैरोबी, कंपाला, मोम्बासा या शहरांचे बांधकामदार झाले. मंगलोरी कौले जहाजांतून झांझिबारला आणि किनाऱ्यावरच्या शहरांना जात होती.

टांझानियातल्या दार-ए-सलामचा एक धागा तर थेट मुंबईशी जुळतो. अँथनी आल्मेडा १९२१ मध्ये दार-ए-सलाममध्ये एका गोवेकर कुटुंबात जन्मले, मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्ये वास्तुकला शिकले आणि चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस परत गेले. नुकता शिकून आलेला, गोरा नसलेला तरुण स्वतःच्या नावाने नकाशे काढतो, ही तिथे नवलाईची गोष्ट होती. शाळा, क्लब, घरे आणि पुढे विद्यापीठातले प्रार्थनास्थळ अशा इमारती त्यांनी उभ्या केल्या. भर उन्हाच्या त्या शहरात वारा खोल्यांमधून आरपार कसा खेळेल, हा विचार त्यांच्या कामात सतत दिसतो. पुढच्या पिढीत बेडा अमुली आले. पूर्व आफ्रिकेतल्या पहिल्या आफ्रिकी वास्तुरचनाकारांत त्यांची गणना होते. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर उभा राहिलेला त्यांचा कारियाकू बाजार म्हणजे काँक्रीटच्या उलट्या छत्र्यांचे रान. पावसाचे पाणी त्या छत्र्यांत साठून खांबांतून खाली टाक्यांत उतरते. जुलै २०२१ मध्ये या बाजाराला मोठी आग लागली आणि तो शहराच्या किती जिव्हाळ्याचा होता हे त्या दिवसांत दिसले.

शिक्षणाचा प्रश्न तोंडावर आणला तो मात्र एका विद्यार्थ्याने. नायजेरियाचे आदेदोकुन आदेयेमी इंग्लंडमध्ये वास्तुकला शिकत होते. थंडीवाऱ्यापासून घर कसे राखावे, हे शिकून लागोसमध्ये काय उपयोग, हा त्यांचा सरळ सवाल होता. त्यांच्या पुढाकारातून १९५३ मध्ये लंडनला उष्ण प्रदेशांतल्या वास्तुकलेवर परिषद भरली, आणि पुढच्याच वर्षी आर्किटेक्चरल असोसिएशन या लंडनच्या संस्थेत त्या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला. पहिले प्रमुख मॅक्सवेल फ्राय. युद्धकाळापासून पश्चिम आफ्रिकेत जेन ड्रू यांच्यासह काम केलेले आणि नंतर चंडीगडच्या उभारणीत असलेले हे वास्तुरचनाकार. त्यांच्यानंतर विभाग सांभाळला ओटो कोनिग्सबर्गर यांनी. नाझी जर्मनीतून बाहेर पडून ते म्हैसूर संस्थानात आले होते आणि भुवनेश्वरचा आराखडा त्यांनी केला होता. भारतात फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या घरांचा अनुभव गाठीशी बांधूनच ते घानाला संयुक्त राष्ट्रांच्या गृहनिर्माण मोहिमेवर गेले. त्या मोहिमेने एक साधी शिफारस केली: भिंती लोक स्वतः बांधतातच, अडते ते छपराशी, तेव्हा सरकारने कर्ज द्यावे ते छपरासाठी. गवंड्याचे आणि घरमालकाचे हात ज्या गोष्टीला पुरे पडतात, तिथे सरकारने लुडबूड करू नये, हा त्यातला शहाणपणा आजही उपयोगी आहे.

घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला. थिओडोर क्लार्क हे एडिंबरोत शिकलेले घानाचे पहिले व्यावसायिक वास्तुरचनाकार; तेमा या नव्या बंदरशहराच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पण एका-दोघांनी देश उभा राहणार नव्हता. म्हणून कुमासीच्या तंत्रशाळेत स्वातंत्र्याच्या सुमारास वास्तुकलेचा विभाग निघाला, आणि १९६१ मध्ये त्या संस्थेचे विद्यापीठ झाले. या विभागाने मोठे काम केले. सुरुवातीचे शिक्षक बहुतेक परदेशी होते, ब्रिटनचे, युगोस्लाव्हियाचे, अमेरिकेचे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पुढे मोठे काम करणारे कृष्णवर्णीय अमेरिकन मॅक्स बाँड तिथे शिकवत होते. घानाच्या उत्तरेला बोल्गातांगा इथे त्यांनी वाचनालय बांधले. एकाच मोठ्या छपराखाली सुट्या सुट्या खोल्या आणि मधून खेळणारा वारा. जॉन ओवुसू आदो यांच्यासारखे घानाचे तरुण शिक्षक विद्यापीठाच्याच इमारती आखत होते आणि विद्यार्थ्यांना त्यांच्या कामावर नेत होते.

कुमासीच्या विद्यार्थ्यांना गावोगाव मोजमाप करायला पाठवण्यावर भर होता. आपल्या आजोबांचे घर मोजायचे, त्याचा नकाशा काढायचा, कोणत्या भिंतीला ऊन लागते, अंगण कशासाठी आहे, हे लिहायचे. आणि मग त्यांच्यापुढे खऱ्या कामाचे ताट वाढले गेले. १९६५ मध्ये व्होल्टा नदीवरचे अकोसोम्बो धरण पुरे झाले. सातशेहून अधिक गावे पाण्याखाली जाणार होती आणि सुमारे ऐंशी हजार माणसे हलवायची होती. ५२ नव्या वसाहती आखल्या गेल्या. कुमासीचा विभाग या कामात गुंतला. वेळ कमी, पैसा कमी, म्हणून ठरले की प्रत्येक कुटुंबाला पाया, छप्पर आणि एक पुरी खोली द्यायची. बाकीच्या भिंती घरच्यांनी बांधायच्या.

कागदावर हे पटण्याजोगे होते. प्रत्यक्षात मोठमोठी कुटुंबे एका खोलीत कोंबली गेली. शेतजमीन वेळेवर तयार झाली नाही, हातात पैसा नाही, आणि सिमेंटच्या विटांनी भिंत वाढवायची तर ती विकत आणावी लागे. पुष्कळजण वसाहती सोडून निघून गेले. ज्या पिढीने हे पाहिले तिच्या डोक्यात एक गोष्ट घर करून राहिली: अर्धवट घर पुरे करायला माणसाकडे पैसा, साहित्य आणि अंगात मुरलेले कसब, तिन्ही लागतात. छप्पर-कर्जाच्या शिफारशीत गृहीत धरलेले ते कसब स्थानिक मातीतले होते; नव्या साहित्यापुढे ते निरुपयोगी ठरले.

सिमेंटचा मोह मात्र वाढतच गेला, आणि त्याचा कळस १९७५ मध्ये लागोसच्या बंदरात झाला. तेलाचा पैसा हाती आलेल्या नायजेरियाच्या लष्करी राजवटीने सुमारे दोन कोटी टन सिमेंट मागवले. एवढा माल उतरवून घ्यायची बंदराची ताकदच नव्हती. शेकडो जहाजे समुद्रात नांगर टाकून महिनोन्‌महिने ताटकळली, आणि उशिराचा दंड देशाला भरावा लागला. पोत्यांतले बरेच सिमेंट दमट हवेत जागीच घट्ट झाले. तेलाच्या पैशाने काँक्रीट आणता येते, काँक्रीट जोखणारे अभियंते, प्रयोगशाळा आणि निरीक्षक एका हंगामात आणता येत नाहीत. त्या उणिवेची किंमत शहर अजून मोजते आहे. लागोसमध्ये इमारती कोसळण्याचे सत्र थांबत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये इकोयी भागात बांधकाम चालू असलेली एकवीस मजली इमारत कोसळून चाळीसहून अधिक माणसे मेली. मृतांत मजुरांचा मोठा भरणा होता.

त्याच्या कितीतरी आधी आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला मातीचा धागा कोणीतरी धरून ठेवला होता. इजिप्तचे वास्तुरचनाकार हसन फाथी यांना महायुद्धाच्या काळात लाकूड आणि लोखंड मिळेना. मातीच्या विटांची कमान आधाराशिवाय टिकेना. आस्वानजवळच्या नुबियन खेड्यांत गवंडी लाकडाच्या साच्याविनाच कमानदार छप्पर घालतात असे कळल्यावर ते तिकडे गेले आणि त्या गवंड्यांना सोबत घेऊन आले. युक्ती अशी: आधी एक उभी भिंत बांधायची, पहिल्या विटा तिला टेकवून तिरक्या लावायच्या, आणि पुढची प्रत्येक कमान मागच्या कमानीच्या अंगावर रेलत जाते. विटेला खालून टेकू लागतच नाही. १९४५ मध्ये सुरू झालेल्या फाथींच्या न्यू गुर्ना या गावात राहायला लोक फारसे आले नाहीत, काम अर्धवट थांबले; तरीही त्यांच्या पुस्तकाने ही विद्या जगभर पोचवली. २००० साली बुर्किना फासोतले गवंडी सेरी युलू आणि फ्रेंच गवंडी तोमा ग्रानिए यांनी मिळून नुबियन छपरांसाठी संस्था काढली. साहेल प्रदेशात झाडे संपत चालली होती, तुळयांना लाकूड मिळत नव्हते, पत्र्याची घरे दुपारी भट्टीसारखी तापत होती. बिनलाकडाचे छप्पर तिथे अगदी गरजेचे होते. कोरड्या हंगामात, शेतीची कामे उरकल्यावर, शेतकऱ्यांची तरुण पोरे उस्तादाच्या हाताखाली कामाला लागतात. दोन भिंतींमध्ये ताणलेली दोरी हेच त्यांचे मोजमापाचे साधन.

बुर्किना फासोतल्याच गान्दो गावी १९६५ मध्ये फ्रान्सिस केरे जन्मले. वडील गावप्रमुख, पण गावात शाळा नाही. लहानपणीच त्यांना तेनकोदोगो शहरात शिकायला धाडले गेले. तिथल्या वर्गात शंभराहून अधिक मुले, सिमेंटच्या भिंती आणि मरणाचा उकाडा. १९८५ मध्ये सुतारकामाच्या शिष्यवृत्तीवर ते बर्लिनला गेले, पुढे तिथल्या तांत्रिक विद्यापीठात वास्तुकला शिकले, आणि पदवी हाती येण्याआधीच गावासाठी पैसे जमवायला लागले. गान्दोची प्राथमिक शाळा २००१ मध्ये उभी राहिली.

गावकऱ्यांना मातीची शाळा नको होती. माती दर पावसाळ्यात वाहून जाते, हे त्यांनी जन्मभर पाहिले होते. परदेशी शिकलेला मुलगा काच आणि सिमेंट आणेल अशी त्यांची अपेक्षा होती. केरे यांनी वाळूत रेघा ओढून आराखडा समजावला. थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटा त्यांनी करून दाखवल्या आणि त्यांची मजबुती लोकांसमोर तपासली. मग सगळे गाव कामाला लागले. मुलांनी पायासाठी दगड वाहिले, बायकांनी पाणी आणले आणि जमीन बडवून गुळगुळीत केली. छताच्या कैच्या साध्या सळयांच्या. एक करवत आणि छोटे वेल्डिंग यंत्र यांवर गावातल्या पोरांनी त्या जोडल्या. क्रेन येणार नव्हती, म्हणून उचलता येईल एवढाच प्रत्येक तुकडा. पत्रा विटांच्या छतापासून बराच वर उचललेला आहे. मधल्या फटीतून वारा वाहतो, छताच्या भोकांतून वर्गातली गरम हवा निघून जाते, आणि पुढे आलेला पत्रा मातीच्या भिंतींना पावसापासून राखतो.

२००४ मध्ये या शाळेला आगाखान पुरस्कार मिळाला, आणि २०२२ मध्ये केरे यांना वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार. हा मान मिळवणारे ते पहिले आफ्रिकी. या पुरस्कारांइतकीच मोलाची दुसरी गोष्ट आहे. गान्दोच्या बांधकामावर शिकलेली पोरे पुढे इतर ठिकाणी कुशल कारागीर म्हणून कामाला गेली, त्यांच्या हाताला दाम मिळू लागला. पुढच्या शाळा, शिक्षकांची घरे, वाचनालय बांधताना हेच हात नव्यांना शिकवू लागले. जेनेच्या संघात जे घडते, तेच इथे एका पदवीधराच्या आराखड्याखाली घडले.

शेजारच्या नायजरमध्ये मरियम कामारा यांनी हा विचार पुढे नेला. आधी संगणकशास्त्र शिकलेल्या, नंतर अमेरिकेत वास्तुकलेची पदवी घेतलेल्या कामारा यांनी २०१४ मध्ये निआमेत स्वतःचे कार्यालय थाटले. निआमे हे पसरत जाणारे शहर आहे, आणि पसरत्या शहराला रस्ते, पाणी, वीज सगळेच महाग पडते. ‘निआमे २०००’ या प्रकल्पात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न भाजलेल्या विटांची दुमजली, एकमेकांना लागून असलेली घरे बांधली. मातीच्या घरात मध्यमवर्गीय राहतील का, ही शंका पुष्कळांनी घेतली होती. दांदाजी गावात तर आणखी हृद्य काम झाले. तिथली जुनी मातीची मशीद लहान पडू लागली होती, गाव ती पाडून नवी बांधणार होते. कामारा आणि इराणी वास्तुरचनाकार यास्मान इस्माइली यांनी जुनी मशीद वाचनालयासाठी राखली आणि शेजारी नवी बांधली. त्यासाठी जुन्या मशिदीच्या मूळ गवंड्यांना पुन्हा बोलावले. त्यांनी आपली पद्धत तरुण अभियंत्यांना दाखवली आणि पावसात भिंत झिजू नये म्हणून करायचे नवे उपाय स्वतः शिकून घेतले. २०१८ मध्ये हे संकुल पुरे झाले.

उस्तादांच्या हातातले ज्ञान किती महत्त्वाचे, हे मालीतल्या तिंबक्तू शहराने २०१२ मध्ये कठोरपणे शिकवले. सशस्त्र जहालांनी संतांच्या मातीच्या कबरी कुदळींनी फोडल्या. त्या पुन्हा बांधायच्या तर नेमकी मापे कोणाकडे होती? जुनी छायाचित्रे होती, अवशेषांखालचे जुने थर होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या कबरींची डागडुजी करणाऱ्या घराण्यांची आठवण होती. स्थानिक गवंड्यांनी चौदा कबरी उभारल्या. जुलै २०१५ पर्यंत हे काम आटोपले. सप्टेंबर २०१६ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने या विध्वंसाबद्दल अहमद अल फकी अल महदी याला नऊ वर्षांची शिक्षा सुनावली.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार आफ्रिकेतल्या शहरांत तेव्हा सुमारे पंचावन्न कोटी माणसे राहत होती. २०५० पर्यंत ती संख्या दीडशे कोटींच्या घरात जाईल. त्यांची घरे कोण बांधणार, कशाची बांधणार आणि बांधणाऱ्याला शिकवणार कोण, हे प्रश्न त्यामुळे तातडीचे आहेत. रवांडा याची उत्तरे धडपडत शोधतो आहे. १९९४ च्या नरसंहाराने तिथली शिकलेली पिढीच कापून काढली होती. किगालीत वास्तुकलेचे पदवी शिक्षण २००९ मध्ये सुरू झाले. २०११ मध्ये बुतारोचे रुग्णालय उभे राहिले, त्याच्या भिंती जवळच्या ज्वालामुखीच्या काळ्या दगडाच्या. शेतात आडवा येणारा हा दगड गावच्या गवंड्यांनी घडवला, सांधे इतके बारीक बसवायला ते तिथेच शिकले, आणि पुढे त्याच कामासाठी त्यांना दुसरीकडून बोलावणी येऊ लागली. काही वर्षांनी किगालीत आफ्रिकन डिझाइन सेंटर निघाले. निरनिराळ्या आफ्रिकी देशांतून आलेल्या तरुण पदवीधरांनी तिथे वर्गात बसून शिकता शिकता मुसान्झे जिल्ह्यातली रुहेहे शाळा आखली आणि गावकऱ्यांसोबत २०१८ मध्ये बांधून पुरी केली.

रवांडातला सर्वांत दूरगामी बदल मात्र एका नियमात झाला आहे. ‘रुकाराकारा’ म्हणजे उन्हात वाळवलेली मातीची वीट. शहरांत तिचे घर बांधायला बराच काळ मनाई होती, आणि गरीब माणूस ते चोरून बांधत होता. अलीकडच्या वर्षांत सरकारने मर्यादित आकाराच्या साध्या घरांसाठी तिला परवानगी दिली. विटेची ताकद, पायाची उंची, छपराचा पुढावा यांचे निकष ठरवले गेले. त्यामुळे नव्याने नोकरीला लागलेल्या नगरपालिकेच्या अभियंत्याला आता मातीचे घर पाडायची नोटीस काढण्याऐवजी ते तपासता येते, पाया कमी उंच असेल तर गवंड्याला सांगून वाढवून घेता येतो आणि परवान्यावर सही करता येते. दाकारपासून दार-ए-सलामपर्यंतच्या नगरपालिकांनी असे निकष लिहावेत, ते लिहिताना खोलीत अनुभवी गवंडी बसवावेत, आणि वास्तुकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीआधी एक पूर्ण हंगाम त्यांच्या हाताखाली काढावा. कुमासीच्या विद्यार्थ्यांना साठीच्या दशकात गावोगाव मोजायला धाडले होते. आता त्यांना भिंतीवर चढवण्याची वेळ आली आहे.